पन्नास आणि साठ

डावा हात पाठीमागे ठेव,
सीप्झच्या लाइनवर पहिल्याच दिवशी लोबोबाई म्हणाल्या होत्या,
म्हणजे वीज एका हातातून शिरून
दुसऱ्यातून निघताना
वाटेत काळजाला भेटणार नाही.

तीस वर्षं झाली. हात अजून आपणहून मागे जातो.
उजव्यात लांब स्क्रूड्रायव्हर, त्याच्या मानेला वायर,
वायरचं दुसरं टोक लोखंडी चौकटीला,
आणि पातं हळूच रबरी टोपीखाली.
चट्.
बंद पडलेल्यातही एवढं उरलेलं असतं.

शिवडीला, एकतिसाव्या मजल्यावर,
मोरजकरांच्या दिवाणखान्यात हे धूड उभं:
लाल गोळ्याची दांडी, चार बटणं, एक आत गेलेलं,
बाजूला कर्कटकाने कोरलेलं ‘विज्या चोर’.
लालबागच्या पार्लरमधून गोदामात,
गोदामातून गालिच्यावर.
चित्राची कंबर आवळलेली, वरून थरथर,
डबक्यात पडलेल्या दुकानाच्या पाटीसारखी.

“ट्यूब गेली?”
ट्यूब कशाला जाते.
हा खेळ सेकंदाला साठ चित्रं काढतो,
मुंबईची वीज पन्नासने धडधडते.
ती धडधड गिळायला अंगठ्याएवढा
एक निळा कपॅसिटर बसवलेला असतो.
त्याच्या पोटातला ओलावा आटला
की पन्नास आणि साठ पडद्यावर येऊन भांडतात,
सेकंदाला दहा वेळा, नळावर भांडावं तसे.
कंबरेचा दोष वेगळा. तो त्याच्या धाकट्या भावाचा.

तीन बदलले. लॅमिंग्टन रोडचे, चाळीसला एक.
राळेचा धूर त्यांच्या एसीने ओढून घेतला.
जाता जाता ट्यूबच्या मानेवरचा योक पुसला,
तांब्याची तार, खोगिरासारखी वळवलेली.
असे दिवसाला ऐंशी गुंडाळायचो आम्ही
आणि डबा खाताना बोटं दुमडायची नाहीत.
हा माझा असेल, नसेलही.
योकवर कुणी सही करत नाही.

चालू केलं. आरशासमोर.
आरसा सोफ्याला टेकवलेला, मी यंत्रामागे,
उलट्या चित्रात पाहत प्लॅस्टिकची काडी फिरवली:
रुंदी, उंची, मग मध्य.
चौकोन चौकोनासारखा झाला.

मोरजकर बघत राहिले.
“सरळ झालं,” म्हणाले,
तक्रार नोंदवावी तसे.
“इथे वरती, उजवीकडे, वाकायचं हो.
बोगदा तिथे वळायचा. थोडा हिरवाही व्हायचा.
सगळी पोरं तिथे मरायची, मी नाही.”

नेहमी वाकायचं?
“नाही. सकाळी नाही. दुपारी चारनंतर.”
भिंतीपलीकडे काय होतं?
ते हसले, मग हसायचे थांबले.
“गिरणी. सकपाळांची. ज्वारी, बाजरी, आणि शनिवारी
डाळीचं पीठ.”

म्हणजे मोटर.
दहा हॉर्सपॉवरची, भिंतीला खेटून,
बायका डबे लावायच्या चारला, पट्टा फिरायचा,
आणि इकडे ट्यूबमधला किरण वाट सोडायचा.
यंत्रात दोष नव्हताच.
कुणीतरी दळण आणलेलं असायचं.

त्यांनी नाणं टाकलं. जुनं नाणं, मुद्दाम जपलेलं.
डोकं जरा पुढे, जीभ गालात,
पन्नाशीच्या माणसाचे खांदे बारा वर्षांचे झाले.
पहिला टप्पा गेला. दुसरा गेला.
बोगदा वर चढला, उजवीकडे आला,
सरळ, पट्टीने आखल्यासारखा,
आणि त्यांच्या मनगटाने तिथे वळण घेतलं.

यान भिंतीवर आपटलं.

पुन्हा नाणं. पुन्हा तिथेच.
तिसऱ्यांदा मी बघितलं नाही,
हत्यारं पिशवीत भरत होते,
आवाजावरून कळलं.

“मॅडम, थोडं वाकडं करता येईल?”

येईल. स्पीकरचा चुंबक वर सरकवला की येईल.
पण हे तर चोवीस तास वाकडं राहील,
तुम्हाला चारनंतरचं हवंय.

बिल लिहिलं: कपॅसिटर तीन, एकशेवीस,
मजुरी आठशे, येणं-जाणं वेगळं.
पेन डाव्या हाताने मागितलं पाहिजे होतं,
तो अजून पाठीमागेच होता.