परत टाकायची

ग्लेस बेची रात्रशाळा, फेब्रुवारी.
रेडिएटर खोकतोय.
समोर अकरा जण, आणि टेबलावर
माझ्या भावाची लोकरी टोपी.
तिच्यात बावीस चिठ्ठ्या:
मागच्या जूनमध्ये रॉडीच्या होडीवर मोजलेली
बावीस शेवंडांची कवचं, मिलिमीटरमध्ये.

मी शिकले तेव्हा टोपी नव्हती.
फळ्यावर सूत्र होतं,
वर्गमुळाच्या छपराखाली एन अंग चोरून बसलेला,
आणि पुस्तकाच्या शेवटी एक तक्ता.
त्याच्या रांगांतून बोट सरकवत
आम्ही उत्तर शोधायचो,
गाडीची वेळ शोधावी तसं.
गाडी कुठे जाते, कुणी विचारलं नाही.
मला शंभरात एक्क्याण्णव मिळाले.
समजलं काय म्हणाल, तर तक्ता.

आता मी म्हणते:
एक काढा. वाचा. लिहा. परत टाका.
पहिल्या खेपेला कुणीच परत टाकत नाही.
ओनेझीम बूद्रो पत्त्यांसारख्या चिठ्ठ्या
हातात पसरून बसतो, बावीसच्या बावीस,
आणि सरासरी काढतो.
तीच येते. दशांशापर्यंत तीच.
"बाई, यात मिळालं काय?"
काही नाही.
पातेलं उपडं केलंस, भात होता तेवढाच.

शितावरून भाताची परीक्षा, हे ठीक.
पण दुसऱ्या हाताने, दुसऱ्या घटकेला
दुसरी शितं उचलली असती तर?
परीक्षा किती डळमळली असती?
हे विचारायला भात उरलेला नसतो.
रॉडीची होडी किनाऱ्यावर उलटी पडली आहे,
समुद्र बर्फाखाली, आणि आपल्यापाशी
ही एवढीच टोपी.
तेव्हा टोपीलाच समुद्र मानायचं.

"मानायचं म्हणजे?" ओनेझीम. "हे तर खोटं झालं."

खडू हातात तसाच.
कोपऱ्यातून मर्डिना बोलते,
एकसष्ट वर्षांची, त्यातली सव्वीस
मासळीच्या कारखान्यात उभ्याने गेलेली:
"अंडीवाली मादी आपण परत टाकतोच की रे.
शेपटीला खाच पाडून.
तीच पुन्हा येते पिंजऱ्यात. माझ्या नवऱ्याला
एक तर एका हंगामात तीनदा भेटली.
तो तिला हाक मारायचा."

मग हात भराभर जाऊ लागतात.
एकीला एक्क्याण्णव तीनदा, एकाला एकदाही नाही.
प्रत्येक सरासरीचा एक ठिपका, फळ्यावर,
ठिपक्यावर ठिपका,
एका खांद्याने किंचित कलता ढीग.
कॉम्प्युटर हेच दहा हजार वेळा करेल,
चहाचा घोट गिळेपर्यंत.
ते पुढच्या मंगळवारी.
आधी हाताला कंटाळा यायला हवा,
कंटाळलेला हात विसरत नाही.

ढिगाच्या दोन्ही टोकांचे थोडे ठिपके
ओनेझीम बोटाने पुसतो.
मधे उरतं ते रुंद, खडबडीत.
"एवढी आपली खात्री?" तो विचारतो.
एवढी.
"माझी आजी हवामान सांगायची, तिची याहून जास्त होती."
सगळे हसतात. मीही.

वर्ग सुटल्यावर मर्डिना रेंगाळते,
बुटांचे बंद उगाच पुन्हा बांधते.
"टोपीत जे नाहीच, ते कधी बाहेर येईल?"
नाही.
"दहा हजार वेळा हात घातला तरी?"
तरीही.
"रॉडीच्या पिंजऱ्यांची तोंडं लहान आहेत," ती म्हणते.
"खरी मोठी शेवंडं आत शिरतच नाहीत.
तळाशी असतात ती. म्हातारी."
आणि भाव ऐकून न घेता निघावं
तशी मान हलवून जाते.
तिची गाडी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होते.

चिठ्ठ्या मी खिशात रिचवल्या,
टोपी डोक्यावर चढवली. घरी चालत गेले.
आरशात पाहिलं तर
लोकरीच्या आत, केसांना चिकटलेली एक चिठ्ठी.
सत्त्याण्णव.
किती वेळ तिथे अडकून होती कोण जाणे,
आणि फळ्यावरचे किती ठिपके
तिच्यावाचून पडले.