गाडीचं माहेर

माझी जाऊ होविता कोल्के हिच्या अंगणात
परवा एक विजेची गाडी आली
आणि मुकाट बसली.
चढ, गारठा, वर आताकामाचा वारा;
नकाशातलं चार्जिंग स्टेशन
अजून नकाशातच आहे.

सान्तियागोचा पोरगा.
दारावर हिरवं पान रंगवलेलं.
"धूर नाही हिला, बाई, अजिबात."
होविता म्हणाली, "दिसतंय की.
हलतही नाही."

मग तिनंच दोरी ओढून जनरेटर चालू केला.
रोज रात्री दोन तास चालणारा तो डिझेलचा म्हातारा
त्या दिवशी उजाडेपर्यंत खोकत होता.
धूर लामांच्या गोठ्यावरून खाली मिठाकडे गेला.

पोरगा चहा फुंकत म्हणाला,
"ती निळी चौकोनी तळी किती सुंदर!"

"ते तुझ्या गाडीचं माहेर," होविता म्हणाली.
"जमिनीतलं खारं पाणी उपसून वाळत घालतात.
बॅटरीसाठी.
म्हणून तर इथून पाय निघेना तिचा."

सकाळी तो गेला.
इतका बिनआवाज, की कुत्रंही भुंकलं नाही.

डब्याच्या तळाशी बोटभर डिझेल उरलं होतं.
झऱ्यात किती उरलंय
ते वेताची काठी बुडवून रोज बघते ती.
त्या दिवशी काठी
भिंतीलाच टेकून राहिली.