चोवीस व्होल्ट

आनंदवाडीला बोट अजून ओंडक्यांवर होती,
तळाला ओला रंग, आणि मी केबिनच्या छताखाली
मान वाकडी करून, पेचकस दातांत धरून.
पहिला बल्ब निघाला तो होल्डरसकट.
खाऱ्या हवेनं पितळेचं हिरवं पीठ केलं होतं.

प्लायवर पेन्सिलीनं हिशेब मांडला:
पंचवीस वॅटचे सहा, दीडशे.
पाचाचे सहा, तीस.
बाबा बघत राहिले,
बर्फवाल्याच्या काट्याकडे बघतात तसे.
"पहाटे बॅटरी बसाची नाय?"
"नाही बसणार."
"मगे लाव."

बल्बला उलटंसुलटं काही नसतं,
कुठूनही करंट द्या, तो जळतो.
एलईडीला आधी सांगावं लागतं
अधिक कुठला, उणे कुठला.
या बोटीत दोन्ही वायरी काळ्या.
कुणी जोडल्या, विचारलं
तर तिघांनी तीन मेलेल्या माणसांची नावं सांगितली.

डावीकडच्या तांबड्या काचेमागे पांढरा लावून बघितला.
बारशाच्या घरासारखं गुलाबी दिसायला लागलं.
काढला. समुद्रात गुलाबीला अर्थ नाही.

तिन्हीसांजेला सगळे एकदम लावले
आणि जाळ्याची गाठ न् गाठ दिसली,
गुणाजीच्या टाचांच्या भेगा,
स्टोव्हमागचा काजळीचा ढग,
रवळनाथाच्या फोटोमागे पाल.
कुणी बोललं नाही.
इतकी वर्षं आपण जेवलो ती जागा ही?
मग गुणाजीनं दिव्याला बोट लावलं.
"ह्येका ऊब नाय गो.
काडेपेटी खंय सुकवू?"

नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या रात्री,
साडेचारला, बाबांचा फोन.
रेंज तुटत होती.
"दिवो लावलो काय वायरलेस मुको जाता."

मला लगेच कळलं.
कणकवलीचा दुकानदार म्हणाला होता, ड्रायव्हर सगळे सारखेच,
आणि मी नगामागे चाळीस रुपये वाचवले होते.
उजेडाबरोबर एक खरखर येते,
डोळ्यांना न दिसणारी.
"मगे काय करतास?"
"काय करतलंव?
पुंडलीकाक हाक मारूची झाली
की काळोख करतंव."

फोन ठेवला तरी मला ते दिसत राहिलं:
पंचवीस वाव पाण्यावर एक बोट
ऐकायचं म्हणून स्वतःला विझवते,
केबिनचा, डेकचा, डोलकाठीचा, सगळे.
आणि लांबवर पुंडलीककाकाची,
तीही माझ्याच हातची,
उत्तर द्यायचं म्हणून विझते.
मग त्या एवढ्या काळोखात
एक माणूस दुसऱ्याला विचारतो,
बांगडो गावलो?

चांगले ड्रायव्हर मागवलेत. मंगळवारी येतील.
जुने बल्ब बाबांनी टाकू दिले नाहीत,
वर्तमानपत्रात गुंडाळून फडताळात आहेत.
घरच्या करंटला लावले तर फुटतील,
जमिनीवर त्यांचा काही उपयोग नाही.

रविवारी बोट लागली तेव्हा
त्यातला एक घेऊन गेले,
स्टोव्हच्या वर पुन्हा बसवला.
प्लायवरचा हिशेब खोडून नवा लिहिला:
पाचाचे पाच, पंचवीस.
पंचवीसचा एक, पंचवीस.
बाबांनी विचारलं, हो दुसरो कसलो?
मी पुढे लिहिलं, काडेपेटी.