सहा खोकी परत

केमीत दुपारी दोनलाच दिवे लागतात.
बूट झटकत झटकत मी सात स्पीकर वर नेले,
आठवा सबवूफर. त्याला हात द्यायला
ताउनो स्वतः जिना उतरून आला.

भिंती मोजल्या. सोफ्याच्या मधोमध
जमिनीवर खडूची फुली मारली:
इथे बसायचं, म्हणजे आवाज चहूकडून सारखा.
"तिथे कोणी बसत नाही," आइला म्हणाली.

खरंच. तो डाव्या टोकाला,
ती त्याच्या उजवीकडे, विणकाम घेऊन.
डावा कान कागद-गिरणीत राहिला,
तीन नंबरच्या मशीनपाशी, एकतीस वर्षांत.

तरी मी सगळे जोडले. कमिशन सातांवर होतं.
चाचणीचं हेलिकॉप्टर खोलीभर फिरवलं.
त्याची नजर त्याच्यामागून गेली,
पुढून, उजवीकडून, मागे,
आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात थांबली.
"उतरलं का ते?"

आइलानं सुया खाली ठेवल्या.
"मला माणसं काय बोलतात तेवढं कळू दे."
म्हणजे मधला. एकच. टीव्हीखालचा.

मी वायरी गुंडाळायला घेतल्या,
सबवूफरची ओढली तसा तो म्हणाला, "तो राहू दे."
मोजे काढले. तळवे फरशीवर टेकले.
मी आवाज थोडा वाढवला, मग अजून थोडा.
"हं," तो म्हणाला, "लागली मशीन."

खालच्या हिएतालाबाईंशी नऊपर्यंतचं ठरलं.
सहा खोकी गाडीत भरली, काच खरवडली.
निम्म्या वाटेत आठवलं,
फुली पुसायची राहिली.