डिमर

मोरव्याच्या धावपट्टीवर, हँगरचं दार अर्धं ओढून
मडावी उताणा पडलाय सेसनाच्या पॅनलखाली,
दातांत टॉर्च.

नवे एलईडी थरथरतात.
नॉब पार बंद केला तरी
उंचीच्या काट्यामागे उजेड उरतोच,
राखेतल्या इंगळासारखा.

अर्थ घासून झाला. वायर बदलली.
फ्यूज तर बिचारा ठीकच होता.

"काहून बाप्पा?" तो डिमरलाच विचारतो.

डिमर त्र्याहत्तर सालचा.
भुकेल्या बल्बांना वाढायची सवय त्याला.
ही पोरं शितभर खातात,
पंगतीत कुणी बसलंय
हेच त्याला कळत नाही.

शेवटी डब्यातला एक जुना बल्ब
मडावी मागे जोडतो,
वैमानिकाला कधीच दिसणार नाही असा.

थरथर थांबली.
मी म्हणतो, चल, चहा घेऊ.
तो अजून आतच,
बल्बला बोट लावून बघतोय.