बाणा

चौऱ्याण्णव साली मी मलिका टॉकीजला बॅटरी दाखवायचो.
जालन्याहून रिळांचे डबे यायचे, एस्टीच्या टपावरून.
त्या शुक्रवारी एक कमी आला.
पुंजारामनं दोनदा मोजले, बिडी पेटवली,
म्हणाला, शेवटचाच नाही. लाव.

पोस्टरवर हेल्मेट घातलेला माणूस,
पण हेल्मेटला डोळ्यांसमोर काचच नव्हती.
पब्लिकला वाटलं, मोटारसायकलचा पिच्चर.

तो गोरा, हिंदीत बोलत, एका खुर्चीत बसला.
हातमोजे चढवले
आणि खुर्ची गेली, खोली गेली,
गणिताच्या वहीचं पान अंथरावं तशी
निळ्या रेघांची जमीन आली.
त्याचा चेहरा त्रिकोणांचा. नाकाला सात.
हसला की गालाचे कोपरे जरा उशिरा पोचायचे.
आग लागली, तिचे ठोकळे झाले,
ठोकळे वर गेले, धूर नाहीच.

पब्लिक हसलं. कुणी ओरडलं, गाणं लाव बे.
दोन रांगा उठून भज्याच्या गाड्यावर गेल्या.

फक्त नवाबपुऱ्याचे बशारत चाचा
मागची खुर्ची सोडून पार पुढं येऊन बसले.
हिमरूचे नक्शे काढणारा माणूस.
चौकटीच्या कागदावर उभा जन्म गेलेला,
एका वेलीच्या एका पानाला दोनशे चौकटी,
एक चुकली तर पान वाळतं म्हणायचे.
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिले,
मग अंधारातच मला म्हणाले,
अरे, ये तो खाली नक्शा है.
ताना ताणलाय. बाना कुठंय?

आमच्यात बाणा म्हणजे ताठा.
त्यांच्यात आडवा धागा, ज्याच्याशिवाय कापड नाही.
मला दोन्ही नीट कळत नव्हतं. मी एकोणीस वर्षांचा होतो.

निळ्या पुलाच्या मध्यावर तो गोरा पोचला,
पलीकडं दार, दार बारीक होत चाललेलं,
त्यानं पाय उचलला
आणि पडदा पांढरा.
दिवे लागले. पैसे परत कुणी मागितले नाहीत.
चाचा तेवढे दाराशी थांबले.
बाहेर येतो ना तो?
येतो की, मी म्हणालो.
कसा?

पुढचे तीन दिवस सहाच्या खेळाला आले,
तिकीट काढून,
त्या उचललेल्या पायापर्यंत बघायला.
मंगळवारी डबे परत गेले.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी मला मागावर बोलावलं.
हातभर कापड. सुती ताना, रेशमी बाना,
मध्ये तो. नाकाला सातच त्रिकोण ठेवलेले,
पण प्रत्येक भरलेला, एक मोरपंखी, एक राखी,
एकाला कुठला रंग म्हणावं ते मला अजून सुचलेलं नाही.
दार कुठंच नव्हतं.
पायात मात्र चपला, अंगठ्याच्या, आपल्या इकडच्या.
पिच्चरमध्ये तो अनवाणी होता चाचा, मी म्हणालो.
म्हणाले, बाहेर यायचं तर पायात काही नको का?

ते कापड कुणी घेतलं नाही.
ना शेला, ना रुमाल, गिऱ्हाईक कशाला घेईल.

परवा भाचीनं, कावेरीनं, तिच्या कॉलेजात नेलं,
डोळ्यांवर डबा बांधला.
वेरूळ, मामा. घरबसल्या.
(वेरूळ इथून जीपनं तासाभरावर.)
खांबाची खरड दिसली, छताचा काळा धूर,
ओल कुठवर चढली तेही.
सगळं भरलेलं. मी बराच वेळ
एखादी तरी चौकट उघडी राहिलीय का शोधत होतो,
एखादी निळी रेघ, कोपऱ्यात, खांबामागं,
तिथं कुणी पाय उचलून थांबलेलं असेल म्हणून.
मग खाली बघितलं.
खाली फरशी होती. माझे पाय नव्हते.

कसं वाटलं? तिनं डबा सोडवत विचारलं.
मी म्हणालो, माझ्या चपला कुठंयत?
दाराबाहेर काढल्यात की तुम्ही, ती म्हणाली.