वाटणी

धाकटे मालक दारातूनच विचारतात, काय करणार?
मी म्हणतो, डिस्कची नव्यानं वाटणी.
ते चपला न काढता आत येतात, आवाज खाली आणतात:
हा शब्द या कारखान्यात नको. थोरले वर बसलेत.

बरं. जागा सरकवतो म्हणू.
नऊ वर्षांपूर्वी कुणीतरी युनिक्स बसवताना
रूटला दिली बोटभर, नोंदींना त्याहून कमी,
आणि घर नावाच्या भागाला अख्खं शिवार,
जिथे राहायला कुणी आलंच नाही.
आता नोंदी शंभर टक्के भरल्यात.
यंत्राला तक्रार करायची असते
आणि तक्रार लिहायला जागा नसते.

भिंत सरकत नाही पण. पाडावीच लागते,
त्याआधी आतलं सगळं बाहेर काढून.

अक्कलकोट रोड, एप्रिल, रात्रीचे साडेदहा.
पत्रा अजून तापलेला. माग थांबलेत,
इतके, की माझ्याच कानात खटखट चालू राहते.

जुनी टेप तिजोरीत, मार्कंडेयाच्या तसबिरीमागे.
तिच्यावर आधीच्या माणसाचं अक्षर: संपूर्ण. तपासली.
कुणी तपासली, कधी?
बॅकअप आपण देत राहतो, उसनं दिल्यासारखा.
परत मागेपर्यंत सगळेच प्रामाणिक.

मीही तसलाच. संध्याकाळी नवी टेप भरली
आणि वाचून न बघता जेवायला गेलो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. सावकाश.

यंत्र विचारतं, खात्री आहे?
वाय.
धूर नाही, आवाज नाही.
नऊ वर्षांचे टॉवेल, हजेऱ्या, रंगांची उधारी
एका ओळीत मोकळी जागा झाली.

नव्या रेषा आखल्या. नोंदींना चौपट दिलं, हात सैल सोडून.
मग टेप घातली. ती धोट्यासारखी मागेपुढे,
नावं वर सरकत होती, परत येत होती,
मी एकेकाला ओळख देत बसलो.

एकाहत्तर टक्क्यांवर अडली.
पुसली, फुंकली, पुन्हा घातली. तिथेच.
ही एक फाईल सोडून पुढे जाऊ?
नाव: मोर चौदा.
तिजोरीतली टेप काढली. तिच्यात मोर तेरापर्यंतच.
पहाटे तीनला मी सोडून पुढे गेलो.

सकाळी मल्लेशम येमूलना सांगितलं.
चष्मा पुसत ते मागच्या शेडमध्ये गेले, जिथे
दोन जुने जेकार्ड अजून पुठ्ठ्यांवर चालतात,
आणि खिळ्यावरची माळ उतरवून आणली.
कॉम्प्युटरवरची प्रत्येक नक्षी ते गुपचूप पंच करून ठेवतात.
का, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

पुठ्ठा उजेडासमोर धरून ते वाचू लागले,
भोक दिसलं की उंदि, नाही दिसलं की लेदु.
एवढं तेलुगू मला येतं: आहे. नाही.
मी टाइप करत गेलो.
उंदि, लेदु, लेदु, उंदि.
मोराची मान यायलाच सव्वा तास लागला.

मध्येच थोरले खाली आले. धाकटे होतेच.
दोघं दाराच्या दोन बाजूंना टेकून ऐकत राहिले,
एकमेकांकडे न बघता,
आणि एका ठिकाणी मल्लेशम चुकले तेव्हा
दोघंही एकदम म्हणाले, लेदु.